मॅकबेथचं गाईड: चेटकिणी सापडल्या, घर हुकलं

सोलापूरच्या नवी पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत आणि कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्यांकडे शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाचं एक इंग्रजी-मराठी गाईड मिळतं. पानं ११२, छापील किंमत १६० रुपये, न मागता १३० ला देतात. प्रकाशकाचं नाव इथे नाही, कारण हाच मजकूर थोड्याफार फरकाने दुसऱ्या कव्हरांतूनही फिरतो आणि खालचे आक्षेप त्या सगळ्यांनाच लागू पडतील. हे परीक्षण मुख्यतः एकाच प्रकरणाचं आहे: ‘गॉथिक घटक आणि स्त्री-पुरुष भूमिका’. गॉथिक म्हणजे जुने किल्ले, अंधार, भुतंखेतं यांतून भीती उभी करणारं लेखन. मुलं गाईड विकत घेतात ती या चौदा पानांसाठीच.

आधी जमेची बाजू. प्रवेशवार सारांश नीट आहेत. दुसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशातला दारुडा द्वारपाल बरीच गाईडं गाळतात, इथे त्याला अख्खं पान दिलंय. अवघड ओळींखाली मराठी अर्थ आहे आणि तो बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. फक्त ही मराठी भाषणाची आहे, शिकवण्याची नाही. सोलापूरच्या वर्गात निम्म्या बाकांवर तेलुगू, कन्नड किंवा उर्दू घरातली मुलं असतात. ‘पारलौकिक विभीषिकेचे प्राबल्य’ हे त्यांना इंग्रजीइतकंच परकं, आणि खरं सांगायचं तर मराठी घरातल्या मुलांनाही. ‘भुताखेतांची भीती’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता ते प्रकरण. पहिल्याच परिच्छेदात विधान आहे की शेक्सपिअरने ‘गॉथिक परंपरेचे अनुसरण केले’. हे उत्तरपत्रिकेत उतरवलं की तपासणाऱ्याची लाल रेघ ठरलेली. ‘मॅकबेथ’ लिहिलं गेलं ते १६०६ च्या सुमारास, छापलं गेलं १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात. गॉथिक कादंबरीची सुरुवात ज्या पुस्तकापासून मानतात ते होरेस वॉलपोलचं ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ आलं १७६४ मध्ये. मधे दीडशेहून जास्त वर्षं आहेत. परंपरा उलट्या दिशेने वाहते: १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वॉलपोलनेच शेक्सपिअरचा दाखला दिलाय. गंभीर गोष्टीत नोकरचाकरांचं विनोदी बोलणं का आणलं, असं विचारणाऱ्यांना तो ‘हॅम्लेट’मधल्या थडगं खणणाऱ्यांकडे बोट दाखवतो. म्हणजे गाईडने ज्या द्वारपालाला पानभर जागा दिली, त्याचा गॉथिकशी असलेला खरा धागा हा आहे, आणि तो प्रकरणात कुठेच नाही.

उत्तरात हे वाक्य असं लिहावं: ‘मॅकबेथ हे गॉथिक नाटक नाही, पुढच्या गॉथिक लेखकांनी ज्यातून सामग्री उचलली असं ते नाटक आहे.’ एवढा बदल केला तरी खालचा सगळा मजकूर वापरता येतो.

त्यानंतर गाईड घटकांची यादी देतं: अंधार, रक्त, किल्ला, चेटकिणी, भूत, वेड. प्रत्येकाखाली दोन अवतरणं. किराणा सामानाच्या यादीसारखी ही यादी पाठ करायला सोपी आहे, पण तिच्यातून एकही युक्तिवाद उभा राहत नाही. शिवाय ‘किल्ला’ या मथळ्याखाली लिहिलंय की मॅकबेथचा किल्ला ‘सुरुवातीपासूनच भयाण व अशुभ’ आहे. संहितेत याच्या अगदी उलट आहे. पहिल्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात राजा डंकन पाहुणा म्हणून किल्ल्यासमोर येतो आणि जागा किती प्रसन्न आहे, हवा किती गोड आहे, असं म्हणतो. मॅकबेथचा सहकारी सेनापती बँको दाखवतो की भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्यात पाकोळ्यांनी घरटी केली आहेत, आणि त्या जिथे राहतात तिथली हवा चांगली असते. भीतीचं यंत्र इथे बसवलेलं आहे. पाहुण्याला घर सुंदर दिसतं, त्या घरात काय शिजतंय हे प्रेक्षकाला एक प्रवेश आधीच कळलेलं असतं. पडक्या वाड्यात भूत निघालं तर त्यात नवल काय. पिल्लं वाढवणाऱ्या पाखरांच्या घरात डंकनचा खून होणार आहे, हे जास्त भयंकर.

आणि इथेच या प्रकरणाची मोठी चूक उघडी पडते. गॉथिकला सात पानं, स्त्री-पुरुष भूमिकांना सात पानं, मधे एक रेघ. जणू दोन वेगळे प्रश्न एका मथळ्याखाली कोंबले आहेत. ‘मॅकबेथ’मध्ये भीती येते ती घरातून, आणि घर कोणी कसं चालवायचं याचे ठरलेले नियम मोडले जातात म्हणून येते. मॅकबेथची बायको लेडी मॅकबेथ यजमानीण आहे. डंकन तिला त्याच नात्याने हाक मारतो आणि रात्री तिच्यासाठी हिरा पाठवतो. तिचं काम पाहुण्याला जेवू घालणं, झोपायची व्यवस्था बघणं. ती हे सगळं करते, आणि प्रत्येक काम खुनाचं हत्यार होतं.

घंटाच घ्या. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात मॅकबेथ नोकराला सांगतो की माझं पेय तयार झालं की बाईसाहेबांना घंटा वाजवायला सांग. रोजच्या घरातली साधी सूचना. तीच घंटा वाजते तेव्हा तो खून करायला निघतो. पहारेकऱ्यांना गुंगी येते ती रात्री झोपताना घ्यायच्या गरम दुधाच्या पेयातून; ते औषध लेडी मॅकबेथने घातलंय. गाईडमध्ये या पेयाचा अर्थ ‘मद्य’ एवढाच दिलाय. त्यात दारू किंवा वाइन असते हे खरं, पण मूळ द्रव्य दूध आहे, आणि ते सुटलं की नाटकभर पसरलेला धागा सुटतो.

तो धागा असा: पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात ती नवऱ्याबद्दल म्हणते की याच्या स्वभावात माणुसकीचं दूध फार आहे. त्याच प्रवेशात थोड्या ओळींनी ती भुतांना बोलावते, माझ्या छातीतलं दूध घ्या आणि तिथे पित्त भरा. सातव्या प्रवेशात अंगावर पिणाऱ्या बाळाचं डोकंही आपटून फोडलं असतं, ही तिची कुप्रसिद्ध ओळ. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात दुधात गुंगीचं औषध. चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात डंकनचा मुलगा माल्कम, स्वतःला वाईट दाखवण्याचं नाटक करताना, सलोख्याचं गोड दूध नरकात ओतीन म्हणतो. पाच जागा, एकच वस्तू. सुरुवातीला ते नवऱ्याच्या स्वभावात आहे, मग बायकोच्या अंगात, मग पेल्यात, शेवटी राज्यकारभारात. या एका धाग्यावर दहा गुणांचं उत्तर उभं राहतं आणि गॉथिक व लिंगभाव वेगळे करायची वेळच येत नाही. गाईडने पाचपैकी दोनच जागा दिल्या आहेत, त्याही वेगवेगळ्या मथळ्यांखाली.

लेडी मॅकबेथच्या ‘अनसेक्स मी हिअर’ या भाषणाचं स्पष्टीकरणही अर्धवट आहे. गाईड म्हणतं की तिला ‘पुरुष व्हायचे आहे’. भाषणात ती पुरुषत्व मागत नाही. बाईपण काढून घ्या म्हणते, रक्त दाट करा म्हणजे पश्चात्तापाची वाट बंद होईल, दुधाच्या जागी पित्त भरा. सगळं काढून टाकणं आणि बंद करणं आहे, त्या जागी पुरुष येत नाही. शिवाय १६०६ च्या रंगभूमीवर ही भूमिका मुलगा करायचा, स्त्रिया रंगमंचावर नव्हत्याच. म्हणजे बाईच्या वेषातला मुलगा ‘माझं बाईपण काढून घ्या’ म्हणतोय. संगीत नाटकातले स्त्रीपार्ट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे दोन ओळींत समजलं असतं. गाईडने त्या दोन ओळी खर्च केलेल्या नाहीत.

मग येतो तो घासून गुळगुळीत झालेला शिक्का: ‘लेडी मॅकबेथ ही चौथी चेटकीण होय.’ हा शिक्का उत्तरात मारायचाच असेल तर पुढे ‘पण’ हवा. ती ज्या भुतांना बोलावते ती आल्याची एकही खूण संहितेत नाही. खुनाच्या रात्री तिला धीर यायला दारू लागते, हे ती स्वतः सांगते. सुरी तिनेच तयार ठेवलेली असते, पण झोपलेला डंकन तिच्या वडिलांसारखा दिसला म्हणून तिच्याने वार होत नाही. चेटकिणींची मात्र ओळखच मुळात घोटाळ्यात आहे: त्यांच्या दाढ्या बघून बँको म्हणतो, तुम्ही बायकाच असणार, पण दाढ्या तसं म्हणू देत नाहीत. त्या स्त्री-पुरुष विभागणीच्या बाहेर उभ्या आहेत. लेडी मॅकबेथ बाहेर जायची प्रार्थना करते आणि जाऊ शकत नाही. हा फरक शिक्क्याखाली दडपून जातो.

चेटकिणींची पार्श्वभूमी देताना गाईडने पहिल्या जेम्स राजाचा उल्लेख केलाय, ते ठीक. त्याने चेटूकविद्येवर लिहिलेला ग्रंथ १५९७ मध्ये, म्हणजे तो फक्त स्कॉटलंडचा राजा असताना निघाला. इंग्लंडची गादी मिळाली १६०३ मध्ये. गाईडने ग्रंथ गादीनंतरचा ठरवलाय. दुरुस्त करून घ्या.

तथ्यांच्या अजून चुका आहेत आणि त्या गुण खातात. पहारेकऱ्यांना लेडी मॅकबेथने मारलं असं दोन ठिकाणी छापलंय; ती त्यांना रक्त फासते, मारतो मॅकबेथ, तेही सकाळी, डंकनचा खून उघडकीला आल्यावर. ‘फेअर इज फाउल’ मॅकबेथच्या तोंडी दिलंय. ती ओळ पहिल्याच प्रवेशात चेटकिणींची आहे, मॅकबेथ तिसऱ्या प्रवेशात तिचा प्रतिध्वनी असलेली वेगळी ओळ बोलतो. ‘डबल डबल’चा मंत्र पहिल्या अंकात नाही, चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात आहे. पाचव्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे तिथे क्रमांकासोबत ‘मॅकडफशी लढाई’ असा प्रसंगही लिहावा (मॅकडफ म्हणजे मॅकबेथविरुद्ध उभा राहणारा सरदार).

भुतांबद्दलचं पान सगळ्यात निराशाजनक. बँकोचं भूत, हवेतली सुरी, हातावरचा डाग हे सगळं ‘भ्रम’ या एका शब्दात गुंडाळलंय. रंगमंचाच्या दृष्टीने तिन्ही वेगळे आहेत. सुरी मॅकबेथशिवाय कोणालाच दिसत नाही, प्रेक्षकालाही नाही. मॅकबेथच्या शब्दांतून ती आपण रचतो. बँकोचं भूत मात्र फोलिओतल्या सूचनेप्रमाणे आत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. प्रेक्षकाला दिसतं, मॅकबेथला दिसतं, त्याच्या बायकोला आणि पाहुण्यांना दिसत नाही. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशातल्या मेजवानीत ती त्याला ‘तू पुरुष आहेस का?’ म्हणून झापते, हिवाळ्यात शेकोटीपाशी आजीकडून ऐकून एखाद्या बाईने सांगावी तशी गोष्ट आहे ही, असं हिणवते. या क्षणी भूत खरं मानणारा प्रेक्षक मॅकबेथच्या बाजूला असतो, आणि पुरुषपणाचं माप काढणारी ती आंधळी ठरते. भूत गेल्यावर तो म्हणतो, आता मी पुन्हा पुरुष झालो. भीती आणि पुरुषत्व एकाच टेबलावर बसलेलं यापेक्षा स्पष्ट कुठे मिळणार? डागाचा प्रकार तिसरा: तिथे दिसणारं काही नाही, फक्त हात चोळण्याची कृती आहे, आणि ती बघणारे दोघे आहेत, वैद्य आणि दासी.

गॉथिक कादंबरीकार ॲन रॅडक्लिफचा १८२६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, छापला गेलेला निबंध इथे कामी आला असता. तिने धास्ती (टेरर) आणि किळसभरली दहशत (हॉरर) यांत भेद केला: पहिली मनाला जागं करते, फैलावते, दुसरी गोठवते. डंकनचा खून पडद्याआड होतो, आपण घुबडाचा आवाज आणि दारावरचे ठोके ऐकतो, ही धास्ती. मॅकडफच्या लहान मुलाचा खून डोळ्यांसमोर होतो, ती दहशत. ठोक्यांवर इंग्रज निबंधकार डी क्विन्सीचा १८२३ चा लेखही प्रसिद्ध आहे. त्याचं म्हणणं असं की ठोके पडतात तेव्हा माणसांचं जग परत सुरू होतं, आणि मधे ते थांबलं होतं हे तेव्हाच कळतं. गाईड या दोघांऐवजी ‘एका टीकाकाराच्या मते’ असं तीनदा म्हणतं. नाव नसलेल्या टीकाकाराला कोणी गुण देत नाही.

पुरुषांच्या भूमिकांवर गाईडमध्ये फक्त अर्धं पान आहे. प्रश्न ‘जेंडर’चा आला की मुलं फक्त लेडी मॅकबेथवर लिहितात, त्याचं कारण हे अर्धं पान. खरं तर नाटकात पुरुष म्हणजे काय यावर सतत वाद चालतो. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात बायको डिवचते तेव्हा मॅकबेथचं उत्तर: पुरुषाला शोभेल ते सगळं करायची माझी हिंमत आहे, त्याहून जास्त करणारा पुरुषच नव्हे. ती ते उलटवते: तू ते करायला धजावलास तेव्हाच पुरुष होतास. तिसऱ्या अंकात मॅकबेथ हीच युक्ती मारेकऱ्यांवर वापरतो; बायकोकडून शिकलेला धडा भाडोत्री माणसांवर चालवतो. आणि चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात मॅकडफला बायको-मुलं मेल्याची बातमी येते, माल्कम म्हणतो पुरुषासारखा सामोरा जा, मॅकडफ म्हणतो जाईन, पण मला ते पुरुषासारखं जाणवलंही पाहिजे. या चार जागा क्रमाने मांडल्या की मुद्दा आपोआप दिसतो. शेवटची जागा गाईडमध्ये नाहीच.

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश तर सारांशात चार ओळींत संपवलाय. तिथे पारडं फिरतं. बँकोला मारायचा बेत मॅकबेथने एकट्याने केलाय. बायकोने विचारलं तर म्हणतो, तुला माहीत नसलेलंच बरं, झाल्यावर शाबासकी दे. लाडाचं संबोधन लावून तिला परत ‘बायको’च्या जागी बसवलं जातं. मेजवानीनंतर ती थेट पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात दिसते, झोपेत चालताना. गाईड म्हणतं तिचा ऱ्हास ‘अचानक’ होतो. अचानक नाही, कारभारातून ती आधीच काढली गेली आहे. झोपेतल्या त्या प्रवेशात ती गद्यात बोलते, दिवा सतत जवळ लागतो, आणि तिच्या तुटक वाक्यांत खुनाच्या रात्रीची घरगुती वाक्यंच परत येतात: हात धू, रात्रीचा झगा घाल, दारावर कोणी ठोठावतंय, झोपायला चल. अंधार बोलावणारी बाई दिव्याशिवाय राहू शकत नाही, ही ओळ गाईडमध्ये आहे आणि चांगली आहे. उतरवायला हरकत नाही.

लेडी मॅकडफला पात्रांच्या विभागात तीन ओळी. चौथ्या अंकाचा दुसरा प्रवेश हा लेडी मॅकबेथच्या घराचा उलटा आरसा आहे: इथे आई पोराशी थट्टा करते, नवरा सोडून गेलाय म्हणून चिडते, मी कोणाचं वाईट केलेलं नाही हा बायकी बचाव या जगात चालत नाही असं म्हणते, आणि लगेच मारेकरी येतात. बाईने घर सांभाळलं तरी मरण, मोडलं तरी मरण. दुसऱ्या अंकात मॅकडफच लेडी मॅकबेथला म्हणतो की ही बातमी बाईच्या कानांनी ऐकण्यासारखी नाही. जिला सगळं आधीच ठाऊक आहे तिला सांगतोय. आणि पुढे अशीच बातमी त्याच्या कानांवर येणार आहे.

‘मराठीतील मॅकबेथ’ या परिशिष्टात शि. म. परांजप्यांचं ‘मानाजीराव’ आणि शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ यांची नावं आहेत, पुढे काही नाही.

गाईड घेतलंच असेल तर वापरायचं असं. सारांश वाचून झाल्यावर मूळ संहिता उघडा. फोल्जर लायब्ररीची संहिता नेटवर फुकट आहे, मोबाइलवर चालते. प्रश्नासाठी तीनच प्रवेश धरा: पहिल्या अंकाचा पाचवा, दुसऱ्याचा दुसरा, पाचव्याचा पहिला. प्रत्येकासाठी चार गोष्टी वहीत लिहा: कोण कोणाशी बोलतंय, रंगमंचावर कोणती वस्तू आहे, अवतरण (दोन ओळींपेक्षा मोठं नको), आणि स्त्री किंवा पुरुष म्हणून जे अपेक्षित आहे ते इथे कसं मोडलं. गॉथिक शब्द पहिल्या परिच्छेदात १७६४ सह एकदा समजावला की पुन्हा पुन्हा नको. चौथा प्रवेश घ्यायचा मोह झाला तर मेजवानीचा घ्या, चेटकिणींच्या कढईचा नाही. तिथे सगळेच जातात. चेटकिणींची देवी हेकटी हिचे प्रवेश टाळलेलेच बरे, ते नंतर घातलेले असावेत असं बहुतेक संपादक मानतात.

बांधणीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. पुस्तक डिंकाने चिकटवलेलं आहे, शिलाई नाही. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात, एसटीच्या खिडकीशी किंवा गाडीच्या डिकीत राहिलं की पाठ सुटते आणि मधली पानं हातात येतात. घेतल्या घेतल्या स्पायरल करून घ्या. आणि दुकानातच पान ४१ ते ४८ चाळून बघा, काही प्रतींत हा फर्मा उलटा लागलाय. बिल असेल तर दुकानदार बदलून देतात.